सकाळी बंद, दुपारी सुरळीत : चालू न होणाऱ्या डेस्कटॉपचा दोष कसा शोधावा

काही डेस्कटॉप संगणक एका ठरावीक पद्धतीने बिघडतात. रात्री नीट बंद केलेला, भिंतीवरचा स्विचही बंद करून ठेवलेला संगणक सकाळी बटण दाबल्यावर ढिम्म हलत नाही. पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही. दहा-पंधरा मिनिटे खटपट केल्यावर तो अचानक चालू होतो आणि मग दिवसभर कितीही वेळा बंद-चालू केला तरी कुरकुर करत नाही. काही आठवडे असेच चालते, खटपटीचा वेळ हळूहळू वाढत जातो आणि एखाद्या दिवशी, बहुधा दिवाळीच्या सुट्टीनंतर कार्यालय उघडते त्याच सकाळी, तो कायमचा गप्प होतो. अशा वेळी ‘मदरबोर्ड उडाला’ हे निदान फार लवकर केले जाते. माझ्या पाहण्यातल्या अशा तक्रारींत मदरबोर्ड क्वचितच दोषी निघाला आहे. बहुतेक वेळा दोष एसएमपीएसमधल्या, म्हणजे भिंतीवरची वीज संगणकाला लागणाऱ्या कमी दाबांत बदलून देणाऱ्या खोक्यातल्या, एका लहानशा भागात असतो आणि कोणतेही अवजार हाती न घेता त्याचा बराचसा उलगडा करता येतो.

आधी तक्रार नेमकी करून घेणे आवश्यक आहे, कारण ‘चालू होत नाही’ या तीन शब्दांत लोक तीन वेगवेगळे दोष सांगत असतात. पहिल्या प्रकारात बटण दाबल्यावर काहीच घडत नाही. दुसऱ्या प्रकारात पंखे क्षणभर फिरून थांबतात, किंवा चालू-बंद, चालू-बंद असे चक्र सुरू राहते. तिसऱ्या प्रकारात पंखे फिरत राहतात, दिवे लागलेले असतात, पण पडद्यावर काहीच उमटत नाही. हा तिसरा प्रकार बहुधा वीजपुरवठ्याचा नसून रॅम, ग्राफिक्स कार्ड किंवा मॉनिटरच्या केबलचा असतो. रॅमच्या पट्ट्या काढून, त्यांचे सोनेरी दाते खोडरबराने हलके पुसून, पट्ट्या दोन्ही टोकांना ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत पुन्हा दाबून बसवल्या की अशा पुष्कळ तक्रारी मिटतात. एवढे सांगून तो प्रकार येथेच सोडतो. पुढील विवेचन पहिल्या प्रकाराचे आणि त्याच्या अनुषंगाने दुसऱ्याचे आहे.

बटण दाबल्यावर आत काय घडते

इंटेलने १९९५ साली मदरबोर्ड व वीजपुरवठ्याची एटीएक्स ही रचना आणली. त्यापूर्वीच्या एटी पद्धतीच्या संगणकांत कॅबिनेटच्या पुढच्या बटणापर्यंत २३० व्होल्टची जाड केबल आलेली असे आणि बटण दाबले की वीजप्रवाह खरोखरच जोडला किंवा तोडला जात असे. एटीएक्समधले बटण मात्र दारावरची घंटा आहे, कडी नव्हे. ते दाबल्याने आत फक्त सूचना जाते आणि ती ऐकण्यासाठी आत कोणीतरी जागे असावे लागते.

हे जागेपण टिकवण्याचे काम एसएमपीएसमधला एक छोटा, स्वतंत्र भाग करतो. भिंतीवरचा स्विच चालू आहे तोवर, संगणक बंद असतानाही, हा भाग जांभळ्या तारेतून मदरबोर्डला ५ व्होल्टचा दाब अखंड पुरवत असतो. याला स्टँडबाय पुरवठा म्हणतात. त्याच्या जोरावर मदरबोर्डमधले नियंत्रण बटणाची वाट पाहत असते. बटण दाबताच ते हिरव्या तारेवरचा दाब जवळजवळ शून्यावर आणते, तो इशारा ओळखून एसएमपीएसचा मुख्य भाग सुरू होतो, आणि पिवळ्या तारांत १२, लाल तारांत ५ व नारिंगी तारांत ३.३ व्होल्ट येतात. हे दाब स्थिरावल्यानंतर १०० ते ५०० मिलिसेकंदांत एसएमपीएस करड्या तारेतून ‘पुरवठा ठीक आहे’ असा संकेत देतो, आणि त्यानंतरच प्रोसेसर कामाला लागतो.

निदान म्हणजे जांभळी तार, बटण, हिरवी तार, मुख्य दाब आणि करडी तार या साखळीतली कोणती कडी निखळली आहे हे याच क्रमाने पाहणे. जांभळ्या तारेत पुरेसा दाब नसेल तर रॅम काढून लावण्यात, बॅटरी बदलण्यात किंवा विंडोज नव्याने टाकण्यात काहीही अर्थ नाही. विंडोजचा या दोषाशी संबंध असूच शकत नाही, कारण ती सुरू होण्याच्या कितीतरी आधी ही साखळी पूर्ण झालेली असते. तरीही ‘फॉरमॅट मारून बघू’ हा सल्ला अजूनही दिला जातो.

भिंतीपासून कॅबिनेटपर्यंत

कॅबिनेट उघडण्यापूर्वी बाहेरचे संशय संपवावेत. संगणक यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड या दोन्हींतून सोडवून थेट भिंतीवरच्या सॉकेटला जोडावा. स्वस्तातल्या अनेक यूपीएसची बॅटरी पूर्ण निकामी झाली की भिंतीवर वीज असूनही ते चालू होत नाहीत किंवा पुढे पुरवठा देत नाहीत, आणि दोष संगणकाच्या माथी येतो. सॉकेटमध्ये वीज आहे की नाही हे टेस्टरच्या दिव्यावरून ठरवू नये. टेस्टर फक्त फेज दाखवतो, न्यूट्रल तुटलेली असली तरी तो लागतोच आणि संगणक मात्र चालत नाही. त्याच सॉकेटला टेबलावरचा दिवा किंवा मोबाइलचा चार्जर लावून पाहणे अधिक खात्रीचे. पॉवर कॉर्डचे संगणकाकडचे टोक कालांतराने सैल पडते, म्हणून ते पूर्ण दाबून बसवावे. मॉनिटरची कॉर्ड बहुधा त्याच प्रकारची असल्याने अदलाबदल करून पाहता येते. एसएमपीएसच्या मागच्या बाजूला स्वतःचा स्विच असेल तर तो रेघेच्या बाजूला दाबलेला असावा. साफसफाई करताना किंवा टेबल सरकवताना तो नकळत बंद होतो.

जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असे लिहिलेले लाल रंगाचे सरकते बटण असते. आपल्याकडे ते २३० वरच असले पाहिजे. ते ११५ वर असताना भारतातला पुरवठा दिला तर मोठा आवाज होऊन आतले कपॅसिटर (विजेचा भार साठवणारे भाग) किंवा फ्यूज उडतो, आणि त्यानंतर निदानाचा प्रश्नच उरत नाही.

यानंतर एक सोपी कृती करून पाहावी. कॉर्ड पूर्ण काढावी, पुढचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, मग कॉर्ड लावून पुन्हा प्रयत्न करावा. कोठे शॉर्ट झाला किंवा प्रवाह मर्यादेबाहेर गेला तर एसएमपीएस स्वतःला कुलूपबंद करतो आणि मुख्य वीज काढून आतला उरलेला भार निघून जाईपर्यंत तो पुन्हा सुरू होत नाही. या कृतीने संगणक चालू झाला तर समाधान मानू नये. एसएमपीएसला स्वतःला बंद करावेसे वाटले याला काही कारण होते आणि ते अजून आतच आहे.

अवजारांशिवाय करता येणारी परीक्षा

लेखाच्या आरंभी वर्णिलेल्या दोषात लोक ‘दहा-बारा वेळा बटण दाबले की चालू होतो’ असे सांगतात. ही माहिती खरी असली तरी तिच्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा असतो, कारण ऐकणारा लगेच बटण खराब असल्याचे ठरवतो. प्रत्यक्षात संगणक चालू होतो तो बटण अनेकदा दाबल्यामुळे नव्हे, तर तेवढ्या वेळात वीज जोडलेली राहिल्यामुळे. हे तपासण्यासाठी सकाळी भिंतीवरचा स्विच चालू करावा आणि बटणाला हात न लावता वीस मिनिटे दुसरे काम करावे. त्यानंतर पहिल्याच दाबाला संगणक चालू झाला तर बटण निर्दोष आहे आणि संशय स्टँडबाय पुरवठ्यावर जातो. पुढच्या रात्री उलट परीक्षा करावी: संगणक बंद करावा, पण भिंतीवरचा स्विच चालूच ठेवावा. सकाळी तक्रार उद्भवली नाही तर संशय जवळजवळ पक्का समजावा.

वर्षानुवर्षे स्विच कधीच बंद न केलेला संगणक दीर्घ भारनियमनानंतर, किंवा देखभालीसाठी दिवसभर वीज बंद राहिल्यानंतर, कायमचा ‘डेड’ का होतो, याचेही उत्तर यात आहे. वीज परत येताना व्होल्टेज वाढून तो जळला असे सर्वसाधारणपणे मानले जाते आणि काही वेळा ते खरेही असते. परंतु अनेकदा काहीही जळलेले नसते. स्टँडबाय भाग सुरू असेपर्यंत कसाबसा चालू राहू शकत होता, मात्र पूर्ण बंद पडल्यावर नव्याने सुरू होण्याची ताकद त्याच्यात उरलेली नव्हती.

याचे कारण इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमध्ये आहे. दंडगोल आकाराच्या या लहान डब्यांत द्रव असतो आणि उष्णतेने तो वर्षानुवर्षे आटत जातो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते. स्टँडबाय भागातल्या कपॅसिटरांची अडचण दुहेरी असते. भिंतीवरचा स्विच चालूच राहत असेल तर संगणक दिवसात चार तास वापरला तरी ते चोवीस तास राबतात, आणि उरलेल्या वीस तासांत एसएमपीएसचा पंखा बंद असल्यामुळे त्यांना वाराही मिळत नाही. द्रव आटला की कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो. हा रोध थंडपणी सर्वाधिक असतो आणि कपॅसिटर कोमट झाला की कमी होतो. म्हणून सकाळचा नकार आणि दुपारचा सुरळीतपणा. डिसेंबर-जानेवारीत नाशिककडे किंवा विदर्भात ही तक्रार अचानक वाढल्यासारखी वाटते तीही याच कारणाने. दोष उन्हाळ्यातच तयार झालेला असतो, थंडी तो फक्त उघड करते.

पावसाळ्यातील तक्रार दिसायला अशीच, पण कारणाने वेगळी असते. एसएमपीएस आणि मदरबोर्ड यांवर साचलेली धूळ दमट हवेत ओलावा धरते आणि नको तेथे सूक्ष्म प्रवाह वाहू लागतो. कोकणपट्टीत व गोव्यात खारट हवेमुळे जोडण्यांवर हिरवट थर चढतो. एसएमपीएसच्या जाळीतून आत शिरलेली पाल, मुंग्यांचे वारूळ किंवा झुरळाची विष्ठा ही कारणे सांगताना हसू येते, परंतु दुरुस्ती करणारा कोणीही ती नाकारणार नाही.

मल्टिमीटरने मोजमाप

पुढचे काम ज्याला विजेची थोडी जाण आहे त्यानेच करावे. एसएमपीएसचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. २३० व्होल्टचा पुरवठा आत एकदिश झाल्यावर मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब साठतो आणि कॉर्ड काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो. आपल्याला जे मोजायचे आहे ते सारे बाहेर आलेल्या तारांवर, म्हणजे १२ व्होल्टपर्यंतच्या सुरक्षित दाबावर, मोजता येते.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर थांबून आधी अर्थिंग तपासून घ्यावे. एसएमपीएसमध्ये फेज व न्यूट्रल या दोन्हींपासून धातूच्या खोक्याला जोडलेले लहान कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर ते कॅबिनेटवर पुरवठ्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टचा दाब आणतात. प्रवाह अत्यल्प असल्याने तो सहसा धोकादायक नसतो, परंतु तिसऱ्या पिनला भिंतीत कोणी तार जोडलेलीच नाही हे त्यावरून समजते. जुन्या वाड्यांत, चाळींत आणि दुकानांच्या वाढवलेल्या पोटमाळ्यांवर ही स्थिती सर्रास आढळते. इलेक्ट्रिशियनला बोलावून ते काम आधी करून घ्यावे. संगणक दोन दिवस थांबू शकतो.

कॅबिनेटचे झाकण काढल्यावर प्रथम मदरबोर्डवर एखादा लहान दिवा लागलेला आहे का ते पाहावे. अनेक बोर्डांवर स्टँडबाय पुरवठा दाखवणारा दिवा असतो. मात्र दिवा लागला म्हणजे दाब पुरेसा आहे असे नाही, कारण एवढासा दिवा ४ व्होल्टवरही सुखाने जळतो. म्हणून मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवावा, काळी सळई कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला टेकवावी आणि मदरबोर्डला लावलेल्या २४ पिनांच्या जोडणीत, मागच्या बाजूने, लाल सळईचे टोक जांभळ्या तारेच्या खोबणीत अलगद सरकवावे. सर्व तारा काळ्या असतील तर क्रमांकावरून ओळखावे: जांभळी तार ९ क्रमांकाच्या पिनवर, करडी ८ वर आणि हिरवी १६ वर असते.

दाब ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या दरम्यान असला पाहिजे. हे मोजमाप सकाळी, संगणक रात्रभर वीज तोडून थंड राहिल्यानंतर, घेतले तरच उपयोगाचे. एका लहान कार्यालयातल्या अशाच संगणकाचा आकडा मी पाहिला आहे: स्विच चालू करताच मीटरवर ४.१ दिसत होते, मिनिटामिनिटाला शेवटचा आकडा वर सरकत होता, आणि ४.७ च्या आसपास पोचल्यावर बटणाने एकदम साथ दिली. दुपारी त्याच तारेवर ४.९ व्होल्ट होते आणि त्या वेळी मोजणाऱ्याने एसएमपीएसला निर्दोष ठरवले असते. शून्य दिसले तर स्टँडबाय भाग बंदच आहे; अशा वेळी २४ पिनांची जोडणी मदरबोर्डमधून काढून पुन्हा मोजावे. काढल्यावर ५ व्होल्ट परत आले तर एसएमपीएस चांगला असून मदरबोर्ड किंवा त्याला जोडलेले काहीतरी तो दाब खाली खेचत आहे. काढल्यावरही शून्यच राहिले तर मदरबोर्ड निर्दोष सुटला असे नव्हे, पण एसएमपीएस दोषी आहे हे नक्की ठरले.

जांभळ्या तारेत दाब ठीक असेल तर

आता हिरवी तार पाहावी. संगणक बंद असताना तिच्यावर ५ व्होल्टच्या जवळपास दाब असतो. बटण दाबताच तो शून्याजवळ यायला हवा. दाब खाली आला आणि तरीही पंखे फिरले नाहीत, तर मदरबोर्डने सांगितले पण एसएमपीएसने ऐकले नाही, असा अर्थ होतो. दाब खाली आलाच नाही, तर सूचना मदरबोर्डपर्यंत पोचत नाही किंवा मदरबोर्ड ती पुढे पाठवत नाही.

सूचना पोचत नसल्यास बटणाला बगल देऊन पाहावे. पुढच्या पट्टीकडून येणाऱ्या बारीक तारा मदरबोर्डच्या कोपऱ्यातल्या नऊ पिनांच्या समूहावर लावलेल्या असतात. त्यांतली बटणाची जोडी प्रचलित मांडणीत ६ व ८ क्रमांकाच्या पिनांवर असते आणि बहुतेक बोर्डांवर तेथे तसे छापलेलेही असते. ती जोडी काढून दोन्ही पिनांना पेचकसाचे टोक क्षणभर एकदम टेकवावे. संगणक चालू झाला तर दोष बटणात किंवा त्याच्या तारेत आहे. नवे बटण मिळेपर्यंत रीसेट बटणाची जोडी त्या पिनांवर लावून काम भागवता येते. रीसेटचे बटण तसेही कोणी वापरत नाही.

बटणाचा आणखी एक दोष हटकून फसवतो. संगणक चालू होऊन चारेक सेकंदांत बंद पडत असेल आणि प्रत्येक वेळी तेवढाच वेळ लागत असेल, तर बटण आत अडकून दाबलेलेच राहिले आहे का ते पाहावे, कारण बटण चार सेकंद दाबून धरले की संगणक सक्तीने बंद करायचा हा नियम मदरबोर्डमध्येच घातलेला असतो. येथे एसएमपीएस बदलून काही साधत नाही, आणि बटणाभोवतीचा मळ साफ करून भागते.

बटणाला बगल देऊनही हिरव्या तारेवरचा दाब खाली येत नसेल तर मदरबोर्डवरची नाण्याच्या आकाराची सीआर २०३२ बॅटरी तपासावी. ती ३ व्होल्टची असते, २.८ च्या खाली गेली असल्यास बदलावी. बहुतेक बोर्ड मृत बॅटरीवरही सुरू होतात आणि फक्त तारीख-वेळ विसरतात, परंतु काही बोर्ड हट्टाने अडून बसतात. बॅटरी काढलेली असताना पाच मिनिटे थांबून मगच नवी बसवली तर बायोसमधल्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममधल्या, बिघडलेल्या नोंदीही पुसल्या जातात. एवढे करूनही काही हालचाल नसेल, तेव्हा मदरबोर्डवर बोट ठेवावे, त्याआधी नाही.

एसएमपीएस ऐकत नसेल तर त्याची स्वतंत्र परीक्षा होते. वीज बंद करून त्याच्या सर्व जोडण्या मदरबोर्ड व डिस्कमधून काढाव्यात, २४ पिनांच्या जोडणीतली हिरवी तार आणि कोणतीही एक काळी तार यांमध्ये कागदाला लावायची यू-पिन सरळ करून बसवावी, भार म्हणून एखादी जुनी हार्ड डिस्क किंवा कॅबिनेटचा पंखा जोडावा, आणि मग वीज द्यावी. पंखा फिरला नाही तर एसएमपीएस बाद. फिरला तर मात्र ‘पास’ म्हणण्याची घाई करू नये: पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगी तारेवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट आहेत का ते मोजावे, आणि तरीही लक्षात ठेवावे की एका पंख्याचा भार आणि प्रोसेसरचा भार यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. निर्णायक परीक्षा एकच, ती म्हणजे खात्रीचा दुसरा एसएमपीएस थोड्या वेळासाठी जोडून पाहणे.

पंखे क्षणभर फिरून थांबत असतील तर

हा बहुधा शॉर्टचा प्रकार असतो आणि तो वजाबाकीने सापडतो. पुढच्या यूएसबी पट्टीची केबल मदरबोर्डवरून सर्वांत आधी काढावी, कारण पेन ड्राइव्ह उलटा घुसवण्याच्या प्रयत्नांत आतल्या पट्ट्या वाकून एकमेकींना चिकटलेल्या असतात. मग डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह, ग्राफिक्स कार्ड, जादा रॅम असे एकेक काढत प्रत्येक वेळी प्रयत्न करावा, आणि दरवेळी काढण्यापूर्वी कॉर्ड काढायला विसरू नये. प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची स्वतंत्र जोडणी घट्ट आहे का ते पाहावे. कॅबिनेट नुकतेच बदलले असेल तर मदरबोर्डखाली एखादा पितळी खांब नको त्या जागी राहून बोर्डाच्या पाठीला टेकत तर नाही ना, हेही. वर फुगलेले किंवा तपकिरी द्रव पाझरलेले कपॅसिटर बोर्डावर दिसले तर शोध तेथेच संपतो. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या बोर्डांत निकृष्ट कपॅसिटरांमुळे हा दोष जगभर पसरला होता, आणि त्या काळातले काही संगणक अजूनही शाळांत व ग्रंथालयांत तग धरून आहेत.

कंपनीच्या संगणकांचा अपवाद

वर दिलेले तारांचे रंग आणि पिनांचे क्रमांक प्रमाणित एटीएक्स एसएमपीएसचे आहेत. डेल, एचपी, लेनोवो यांच्या अनेक संगणकांत स्वतःची वेगळी जोडणी असते आणि काहींत तर फक्त १२ व्होल्टच्या तारा येतात. तेथे यू-पिनचा प्रयोग करू नये आणि बाजारातला साधा एसएमपीएसही सरळ बसत नाही. कंपन्यांतून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स आता घराघरांत आले आहेत. त्यांतल्या बऱ्याच मॉडेलांच्या एसएमपीएसवर मागच्या बाजूला एक लहान चाचणी-बटण आणि हिरवा दिवा असतो. कॉर्ड लावून ते बटण दाबल्यावर दिवा लागला नाही, तर आतल्या जोडण्या एसएमपीएसपासून सोडवून पुन्हा दाबावे. तरीही लागला नाही तर एसएमपीएस गेला.

बदलताना आणि दुरुस्त करताना

एसएमपीएसमधले स्टँडबायचे कपॅसिटर बदलणे हे काम दुरुस्ती करणाऱ्याकडून होण्यासारखे आहे आणि त्याला सामान फारच थोडे लागते. परंतु ते बदलणारा १०५ अंश तापमान सोसणारे, कमी रोधाचे कपॅसिटर वापरतो का, हे विचारावे. जे हाती लागले ते लावले तर पुढच्या हिवाळ्यात तीच तक्रार परत येते. पाच-सहा वर्षे वापरलेला साधा एसएमपीएस असेल तर मी नवा घेण्याच्याच बाजूचा आहे, कारण एका भागातले कपॅसिटर आटले तर शेजारचेही त्याच वाटेवर असतात. नवा घेताना खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नये. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ मिळणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॅट असे ठळक छापलेले असते, पण बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टपुढे १४ अँपिअर लिहिलेले असेल, तर प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांच्या वाट्याला १४ गुणिले १२, म्हणजे १६८ वॅटच येतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घ्या की तालुक्याच्या गावी, हा तक्ता वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुकानदाराला तक्रार सांगताना ‘चालू होत नाही’ असे न म्हणता ‘रात्रभर वीज तोडलेली असेल तर सकाळी चालू होत नाही, वीस मिनिटांनी होतो’ असे लिहूनच द्यावे. तसे न सांगितल्यास तो दोन-चार प्रयत्नांत संगणक चालू करतो, गरम झालेल्या संगणकाला दिवसभरात दहा वेळा बंद-चालू करून पाहतो आणि ‘काही दोष नाही’ म्हणून परत पाठवतो. दुरुस्ती झाल्यावर संगणक एक रात्र दुकानातच, कॉर्ड काढून, ठेवायला सांगावे आणि सकाळी दुकान उघडल्याबरोबर, आपल्या समोर, कॉर्ड लावताक्षणी एकदाच बटण दाबून घ्यावे. तेवढ्यात चालू झाला तरच बिल चुकते करावे.